विहीणबाईंस, मुंगीच्या झिंकविषयी

प्रिय विहीणबाई,

सप्रेम नमस्कार. (हा 'प्रिय' मी दोनदा खोडला आणि पुन्हा लिहिला. खोडला तो रागाने नव्हे, विहिणीला प्रिय म्हणायची हाताला सवय नाही म्हणून. तुम्हीही मला आजवर 'मुलीच्या आईस' असंच लिहीत आलात. ती मुलगी जाऊन दोन वर्षं झाली तरी तुमच्या पाकिटावर मी अजून मुलीची आई आहे, त्याबद्दल मी मनातून तुमची ऋणी आहे.)

तुमचे गुडघे कसे आहेत? रक्तदाबाची गोळी वेळेवर घेता ना? आमच्या कॉन्व्हेंटमध्ये पत्रलेखन शिकवणाऱ्या सिस्टर म्हणायच्या, आधी समोरच्याची तब्येत, मग हवापाणी, मग काम. काम आधी लिहिलं की त्या पान परत करायच्या. तेव्हा तब्येत विचारून झाली. हवा दमट आहे, डास पुष्कळ आहेत. आता कामाकडे वळते.

गेलं वर्षभर तुम्ही प्रत्येक पत्रात एकच विचारताय, नातीला इकडे कधी पाठवता? आणि मी प्रत्येक वेळी नवं कारण देत आले. आधी शाळेचं वर्ष मध्येच कसं मोडायचं, मग खोकला, मग दात हलतोय. (हलत्या दाताने प्रवास करू नये असं कोणत्याही डॉक्टराने सांगितलेलं नाही, हे तुम्ही तेव्हाच ओळखलं असणार. तरी तुम्ही दात पडला का एवढंच विचारलंत. हा तुमचा मोठेपणा.) या पत्रात त्या प्रश्नाचं खरं उत्तर आहे. पण ते शेवटी येईल, कारण मधलं सांगितल्याशिवाय मला ते लिहवणार नाही.

पहिली गोष्ट ही की आपली नात, आमची मुंगी, आता ठणठणीत आहे. हे वाक्य पुन्हा एकदा वाचा आणि मगच पुढे जा. वाचलंत? तर, मुंगीला डेंगी झाला होता. तुम्हाला कळवलं नाही, कारण तुमचा रक्तदाब. हे मी सर्वांना सांगितलेलं कारण. न सांगितलेलं कारण असं की तुम्ही म्हणाला असतात, "बघा, पोरीकडे लक्ष नाही, द्या इकडे."

ताप आला तो भर दुपारी, शाळेतून येतानाच. डोळे लाल, अंग म्हणजे तवा, आणि डोळ्यांच्या मागे दुखतंय म्हणाली. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं आणि डेंगी सांगितला. वयाने त्या आपल्या मुलींएवढ्याच, पण बोलणं हेडमास्तरांचं. म्हणाल्या, या आजाराला मारणारं औषध नाही. तापाला पॅरासिटामॉल, दुसरी कुठलीही दुखण्यावरची गोळी द्यायची नाही, आणि पाणी, पातळ पदार्थ, पुन्हा पाणी. पोट दुखलं, उलट्या लागल्या, हिरड्यांतून रक्त आलं किंवा पोरगी मलूल पडली, तर तडक हॉस्पिटल, आणि ताप उतरला म्हणून निर्धास्त व्हायचं नाही, खरा धोका तेव्हाच असतो. एवढं सगळं सांगून मग शेवटी म्हणाल्या, जोडीला हे झिंकचं सिरप देते, जेवल्यावर रोज एक चमचा. मी विचारलं, याने प्लेटलेट वाढतात का? तेव्हा बाई हसल्या. "आजी, काही मुलांना थोडी मदत होते असं दिसलंय, खात्री कोणी देत नाही. गाडी चढावर अडली की मागून हात लावतात ना, तेवढंच. गाडी चालते पाण्यावर."

विहीणबाई, आम्ही घरात तीन म्हातारी माणसं. मी, आमचे हे, आणि ह्यांच्या थोरल्या बहीण, म्हणजे आमच्या वन्सं. (लग्नाच्या जेवणात वाढप्याला ओरडल्या होत्या त्याच. तुम्ही विसरला नसाल.) तिघांनीही बाईंचं सगळं बोलणं ऐकलं आणि तिघांच्याही डोक्यात राहिला तो फक्त मागून लावायचा हात.

याचं कारण सांगते. आमच्या मुलीची शेवटची औषधाची बाटली अर्धी उरली होती. ती गेल्यावर कितीतरी दिवस बाटली कपाटावर तशीच होती, कोणी फेकेना. अर्धी उरलेली बाटली फार टोचून बोलते. तिच्याकडे पाहिलं की वाटायचं, संपवली असती तर? वेड्यासारखा विचार आहे, कळतं. पण त्या दिवसापासून या घरात औषधाची बाटली म्हणजे शेवटच्या थेंबापर्यंत न्यायची वस्तू झाली आहे. आणि दुसरी एक सवय लागली आहे. आमच्याकडे कोणी कोणासमोर रडत नाही. हे पाण्याची मोटर बघायला जातात, वन्सं शिवणयंत्र जोरात चालवतात, मी न्हाणीघरात नळ सोडते. सगळ्यांना सगळं माहीत असतं, पण एकमेकांना त्रास नको म्हणून प्रत्येकाने आपापलं दुःख आपापल्या खोलीत उरकायचं, असा अलिखित कायदा झाला आहे. त्या कायद्यानेच पुढचा घोटाळा केला.

पहिल्या संध्याकाळी चमचा मी दिला. मुंगीने तो तोंडात घेतला, चेहरा लिंबासारखा पिळला आणि सगळं माझ्या पदरावर आलं. माझा चेहरा पडला असावा, कारण लगेच हे म्हणाले, "राहू दे गं, नसलं घेतलं तर काही बिघडत नाही, नुसतं जोडीला आहे." वन्सं म्हणाल्या, "नाहीच द्यायचं. पोरीला छळू नका." मीही म्हणाले, "नाही देत." तिघांचं एकमत झालं. या घरात तिघांचं एकमत झालं तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी वन्सं आंघोळीला गेल्या आणि हे पाणी उकळत होते, तेवढ्यात मी मुंगीजवळ बसले. म्हटलं, माझी शहाणी ना, एकच चमचा, आजीसाठी, कोणाला सांगायचं नाही. तिने माझ्याकडे टक लावून पाहिलं आणि मुकाट गिळला. चेहरासुद्धा केला नाही. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! मला वाटलं, जगात हे फक्त मलाच जमतं.

आमच्या हॉस्टेलवर सिस्टर आम्हाला रांगेत उभं करून कॉड लिव्हर ऑइल पाजायच्या, ते मला त्या दिवशी आठवलं. आम्ही काय करायचो माहीत आहे? घोट गालात धरून, "थँक्यू सिस्टर" असं बंद ओठांनी पुटपुटत चॅपलमागच्या गुलाबाच्या ताटव्यापर्यंत जायचो आणि तिथे पिचकारी. ते गुलाब असे फुलायचे की बिशपसाहेब आले की खास दाखवायचे. मुलं अशी असतात. औषध थुंकतात, खोटं बोलतात, पकडली गेली की गळा काढतात. आमची मुंगी तसलं काहीच करत नाही याचा मला अभिमान वाटला. त्याऐवजी काळजी वाटायला हवी होती.

आता पुढचं. वन्संनी स्वतःची वेगळी बाटली आणली होती. ती शिवणाच्या डब्यात बटणांखाली. आमच्या ह्यांनीही आणली होती. ती पाण्याच्या फिल्टरमागे, कारण ह्यांनी जन्मभर पाणीपुरवठा खात्यात नोकरी केली आणि घरातला फिल्टर हा त्यांचा सरकारी प्रांत आहे, तिथे कोणी हात घालत नाही. माझी माझ्या साड्यांत. औषधाच्या दुकानातला मनुष्य मला एकदा म्हणाला, "काय हो आजी, घरात किती मुलं आजारी आहेत?" मला वाटलं, गिऱ्हाइकांच्या गर्दीत गोंधळला बिचारा. म्हटलं, एकच आहे, पण गुणाची आहे.

म्हणजे मुंगीला सकाळी आजीचा गुपित चमचा, दुपारी आजोबांचा गुपित चमचा आणि संध्याकाळी आत्याआजीचा गुपित चमचा. तिघांनी स्वतंत्रपणे बजावलेलं, कोणाला सांगायचं नाही. आणि तिने कोणालाही सांगितलं नाही.

मग ताप उतरला. आम्ही तिघं इतके खूश की वन्संनी मला चक्क चहा करून दिला. तो संपायच्या आत मुंगीला उलटी झाली. मग दुसरी, मग आणखी. पोट धरून वाकली. डॉक्टरीणबाईंचे शब्द माझ्या कानांत ठणाणा वाजायला लागले. ह्यांनी रिक्षा आणली, वन्संनी एका पायात त्यांची आणि दुसऱ्या पायात माझी चप्पल घातली (त्या दोन्ही उजव्या होत्या), आणि आम्ही हॉस्पिटलात पोचलो. पोरीला सलाईन लावलं. सुई टोचताना तिने ओठ घट्ट मिटले आणि ती माझ्याकडे बघून हसली. विहीणबाई, सात वर्षांचं लेकरू सुई टोचताना आजीला धीर द्यायला हसलं. ते हसू मी आजही डोळे मिटले की पाहते.

तिथल्या डॉक्टरांनी खोदून विचारलं. पाणी किती गेलं? लघवी किती वेळा? (इथे आमचे हे तयार होते, ह्यांना सगळं लिटरांत पाठ.) दुसरी कुठली गोळी दिली का? नाही. बरं, झिंक चालू होतं ना, ते कोण देत होतं?

"मी," आम्ही तिघं एकदम म्हणालो.

मग आम्ही एकमेकांकडे पाहिलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हे म्हणाले, "तू तर देत नव्हतीस!" मी म्हटलं, "तुम्हीच तर नको म्हणालात!" वन्सं म्हणाल्या, "मला वाटलं तुम्हा दोघांना जमणार नाही, म्हणून." डॉक्टर म्हणाले, जास्त झिंकनेही उलट्या होतात, पण डेंगीत उलटी झाली की आम्ही तसं गृहीत धरत नाही, प्लेटलेटही खाली आलेत, तेव्हा ठेवून घ्यावं लागेल. आणि मग ते मुंगीकडे वळले. "काय गं, तिघं पाजत होते तर बोलायचं नाही?"

ती म्हणाली, "सगळे म्हणाले सांगू नको."

"पण घाण लागत असेल ना? नको म्हणायचं."

तिने आमच्याकडे पाहिलं, एकेकाकडे, आणि हळूच म्हणाली, "नको म्हटलं की ह्या सगळ्यांना रडू येतं. मग ते बाहेर जातात."

आम्हाला वाटत होतं, न्हाणीघराचा नळ, मोटर आणि शिवणयंत्र, या आवाजांत घरात कोणाला काही ऐकू येत नाही.

त्या दिवशी मी तुमच्या घरी फोन केला. जावईबापू जहाजावर, ते कुठल्या समुद्रात आहेत हे कंपनीलाही चटकन सांगता येईना. फोन तुमच्या नव्या सूनबाईंनी घेतला, आमच्या मुलीच्या जागी आलेल्या. आता तुमच्यापासून काय लपवायचं? आमच्या घरात त्यांना 'त्या' म्हणतात. मुंगीने मावशी म्हणावं असं ठरलं होतं, तेही माझ्या कपाळावरची आठी पाहून तिने कधी म्हटलं नाही. तुमचंही त्यांच्याविषयी फार बरं मत नाही हे तुमच्या पत्रांतून कळतं, आणि खरं सांगायचं तर तुमचं माझं जेवढं जुळलं ते याच एका मुद्द्यावर. मी त्यांना म्हटलं, तुम्ही यावं असं नाही, फक्त कळवते, आणि विहीणबाईंना सांगू नका. त्या म्हणाल्या, बरं. दुसऱ्या दिवशी दुपारी हॉस्पिटलच्या दारात उभ्या. आपल्या चष्म्याच्या दुकानातून तशाच निघालेल्या, खांद्याच्या पिशवीत काचा खुळखुळतायत.

दोन दिवसांनी प्लेटलेट चढू लागले, पोट शांत झालं. डॉक्टर म्हणाले, आता झिंक पुन्हा सुरू करू, एक चमचा, फक्त एक. आणि त्यांनी खोलीभर नजर फिरवली. "तुम्ही या तिघांपैकी नाही ना?" तुमच्या सूनबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, नाही. "मग बाटली तुमच्याकडे."

आम्ही तिघं भिंतीला टेकून उभे, परीक्षेत नापास झाल्यासारखे. मुंगीने नेहमीप्रमाणे पाखरासारखी चोच उघडली. पण सूनबाईंनी चमचा आत घातलाच नाही. तो हातात धरून त्या म्हणाल्या, "आवडतं का हे तुला?"

मुंगीने आमच्याकडे पाहिलं. "हो."

तुमच्या सूनबाई दिवसभर लोकांचे डोळे तपासतात, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्यांनी स्टूल ओढलं आणि अशा बसल्या की पोरीला आम्ही दिसेनासे झालो. "माझ्याकडे लहान मुलं येतात ना, ती समोरचं अक्षर वाचायच्या आधी आईकडे बघतात. मग मी आईला बाहेर बसवते. माझ्याकडे चुकीचं उत्तर नसतं. दिसतं ते सांगायचं. आता सांग, कसं लागतं?"

अगदी बारीक आवाज, "नाणं चाटल्यासारखं."

"आणखी?"

"घाण."

"किती घाण?"

आणि मग, विहीणबाई, ती ओरडली. "खूप घाण! घाण, घाण, घाण!" चमच्याला असा फटका मारला की सिरप भिंतीवर, आमच्या ह्यांच्या शर्टवर आणि वन्संच्या चष्म्यावर. मग ती रडायला लागली. आधी सिरपसाठी, मग सुईसाठी, मग शाळेत कोणीतरी रंगपेटी मोडली होती त्यासाठी, आणि मग आईसाठी. तोंड वासून, नाक गळत, पाय आपटत. तिची आई गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. आम्ही तिला रडूच दिलं नव्हतं, रागावून नाही, स्वतः न रडून. नर्स धावत आली, तिला वाटलं सुई निघाली. तुमच्या सूनबाई पलंगावर बसून नुसत्या मुंगीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "गप्प" म्हणाल्या नाहीत. "शहाणी ना माझी" म्हणाल्या नाहीत. शेवटी मुंगी थकली, तिने स्वतःच दुसरा चमचा भरून मागितला, घेतला, आणि माणसाला घेरी येईल असं तोंड केलं. त्या म्हणाल्या, "बापरे, एवढं वाईट?" आणि दोघी हसल्या.

मी भिंतीशी उभी राहून एकच विचार करत होते. आमच्याकडे ती लाडात आहे, प्रेमात आहे, तिघांच्या तळहातावर आहे. पण तिघांचे चेहरे सांभाळायचं काम तिच्याकडे आहे, आणि ते सात वर्षांच्या पोरीचं काम नव्हे. तिला अशा कोणाजवळ राहायला हवं जिच्यासमोर वाईट वागायची तिला चोरी नाही. ते घर आमचं असावं असं मला फार वाटत होतं. आम्ही तसे प्रयत्नही केले. डिस्चार्जनंतर ह्यांनी मुंगीसमोर मुद्दाम रडायचं ठरवलं. बसले, घसा साफ केला, पण आयुष्यभराची सवय, येईना काही. शेवटी तीच उठली आणि त्यांना पाणी आणून दिलं.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे. येत्या रविवारी तुमच्या सूनबाई पुन्हा इकडे येऊन तिला तिकडे घेऊन येतील. तुम्ही वर्षभर वाट पाहिलीत, एक हलता दातही चालवून घेतलात. आता नात तुमची. ती येईल तेव्हा किरकोळ दिसेल, आजाराने उतरली आहे, पण खाते चांगली. झिंक संपलं, आता द्यायचं नाही. (ही बाटली मात्र नीट संपली. आम्ही तिघांनी ती उलटी करून पाहिली.) डासांची जाळी बरोबर देत आहे.

घरातल्या लहानथोरांची चौकशी केली असं सांगा. गुडघ्यांना शेक द्या. आमचं उत्तम चाललं आहे.

तुमची,
मुलीची आई

ता. क. – या पत्राचं खरं काम लिहायचंच राहिलं. तुमच्या सूनबाई काचांच्या कोर्सला गेल्या असं तुम्हाला सांगण्यात आलं, आणि घर टाकून आठवडाभर भटकायला गेली म्हणून तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही असं कळतं. कोर्स वगैरे काही नव्हता. त्या माझ्या सांगण्यावरून गप्प बसल्या आणि अजून बसल्या आहेत. मी हे तुम्हाला लिहिते आहे, हे त्यांना माहीत नाही. त्यांच्याशी बोला. नाहीतर मुंगी तुमच्याही घरात आल्याबरोबर कोण कोणावर रुसलंय ते आधी ओळखेल आणि सगळ्यांची समजूत काढायला लागेल. पुन्हा तेच काम नको तिला.

ता. क. २ – वर मी असं लिहिलंय की जणू मीच सगळं ठरवलं. तसं नाही. सूनबाई इकडे होत्या तेव्हाच, तुमच्याकडे जायचं का असं मुंगीला मी विचारलं होतं, तर उत्तर द्यायच्या आधी तिने माझ्या तोंडाकडे पाहिलं. म्हणून मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि तुमच्या सूनबाईंना म्हटलं, तुम्ही विचारा. "जायचंय," ती म्हणाली. इतक्या मोठ्याने आणि इतक्या चटकन की मला आत ऐकू आलं. फार बरं वाटलं. बाहेर आल्यावर मी सर्वांना सांगितलं की दूध उतू जाईल म्हणून आत थांबले होते. गॅसवर काहीच नव्हतं.